कूलरसमोर उघडलेला कॅमेरा : नागपुरातल्या एका सेन्सर-सफाईचे प्रकरण

फोटो अंबाझरीच्या सूर्यास्ताचा होता. तळ्यावर केशरी आकाश आणि त्या आकाशात काळपट ठिपके. भाच्याला आधी त्या घारी वाटल्या. पुढच्या फोटोतही घारी त्याच जागी, त्याच्या पुढच्यातही तिथेच, तेव्हा त्याचा फोन आला. "मामा, आकाशात डाग पडून राहिले. लेन्स पुसली, तरी जात नाहीत."

कॅमेरा निकॉन डी७२००, सेकंडहँड घेतलेला. चित्र टिपणारा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, २४ मेगापिक्सेलचा. भाचा पक्ष्यांचे फोटो काढतो, त्यामुळे बॉडीवर बहुतेक वेळ २००-५०० ची लांबलचक लेन्स असते आणि मधेच केव्हा तरी ती काढून ३५ मिलिमीटरची छोटी लेन्स लागते. महिना मेचा, नवतपा, म्हणजे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला. त्याच आठवड्यात तो उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीला जाऊन आला होता. उघडी जिप्सी, पुढे दुसरी जिप्सी, मधे धुळीचा पडदा, आणि त्या पडद्यात एकदा लेन्स बदललेली. एवढी हकीकत त्याने आपण होऊन सांगितली. जे सांगितले नाही ते पुढे डागांनीच सांगितले.

डाग कुठले?

लोक इथे घाई करतात आणि थेट पुसायला घेतात. डाग लेन्सवरचा, व्ह्यूफाइंडरमधला की सेन्सरवरचा, हे ठरवायला दोन मिनिटे पुरतात. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारा कचरा फोकसिंग स्क्रीनवर असतो. फोटोत तो येत नाही आणि सेन्सरशी त्याचा संबंध नसतो. भाच्याला तिथेही दोन कण दिसत होते आणि तेच गुन्हेगार असे त्याने धरून ठेवले होते. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ असे काटेकोर ठिपके पाडत नाही; फार झाली तर फोटो धुरकट करते. लेन्स बदलूनही डाग जागचे हलत नसतील तर ते सेन्सरवरचे. इथे तसेच होते.

आपण 'सेन्सरवरची धूळ' म्हणतो, पण ती खऱ्या सेन्सरला शिवतही नाही. पिक्सेलच्या थरावर फिल्टरची काच असते आणि धूळ त्या काचेवर बसते. डी७२०० मध्ये लो-पास फिल्टर (चित्र किंचित मऊ करणारी काच) नाही हे वाचून भाच्याने सेन्सर उघडा असल्याचा अर्थ काढला होता. तसे नाही. लो-पास नसला तरी इन्फ्रारेड अडवणारी काच आणि तिच्यावरचे लेप असतातच. आपण पुसतो ती काच.

धूळ आणि पिक्सेल यांच्यात असलेल्या या थोड्याशा अंतरामुळेच डाग कधी दिसतो, कधी दिसत नाही. ट्यूबलाइटखाली भिंतीपासून हातभर लांब पेन्सिल धरली तर तिची सावली जवळजवळ पडतच नाही. तीच पेन्सिल मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, काटेकोर काळी रेघ मिळेल. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे भोक (एफचा आकडा मोठा तितके ते लहान), पूर्ण उघडे असते तेव्हा लेन्स ट्यूबलाइटसारखी वागते आणि एफ/२२ ला टॉर्चसारखी. ढोबळ हिशेब करू. कण ०.०४ मिलिमीटरचा आणि पिक्सेलपासून १ मिलिमीटर वर आहे असे धरले, तर एफ/२.८ ला त्या उंचीवर प्रकाशाचा शंकू साधारण ०.३६ मिलिमीटर रुंद असतो आणि कण त्यातला जेमतेम एक टक्का अडवतो. एफ/८ ला दहा टक्के. एफ/२२ ला शंकू ०.०४५ मिलिमीटरवर येतो आणि तोच कण तीन चतुर्थांशाहून जास्त प्रकाश खातो. म्हणून जंगलात एफ/५.६ ला काढलेले सगळे सर्पगरुड स्वच्छ निघाले, आणि अंबाझरीला एफ/१६ लावल्याबरोबर आकाश भरून गेले. धूळ दोन्हीकडे तीच होती.

तपासणीचा फोटो

तो घरी आला तेव्हा आधी तपासणीचा फोटो काढला. लॅपटॉपवर कोरे पांढरे पान पूर्ण स्क्रीनभर उघडले, ३५ ची लेन्स लावली, आयएसओ १००, एफ/२२, ऑटोफोकस बंद आणि फोकस अनंतावर. कॅमेरा स्क्रीनपासून वीतभर अंतरावर धरून, शटर उघडे असताना हळूहळू हलवत राहायचा. एक्सपोजर सेकंदभराचे असले तरी चालते. हात स्थिर नको, उलट हलताच हवा. स्क्रीनचे ठिपके आणि त्यावरचे बोटांचे ठसे सगळे पुसट होतात, सेन्सरबरोबर हलणारी धूळ मात्र जागची हलत नाही. एक्सपोजर थोडे वाढवायचे, म्हणजे पांढरे करडे येत नाही. पण फार वाढवले तर बारीक डाग जळून जातात. मग लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट ताणायचा. हा फोटो पाहून माणूस हमखास घाबरतो, आणि भाचाही घाबरला. एफ/२२ ला कुठल्याही वापरातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर घाणेरडाच दिसतो. आपल्याला शून्य डाग नकोत. आपण ज्या ॲपर्चरला फोटो काढतो तिथे डाग दिसायला नकोत. म्हणून एफ/११ चा एक फोटोही शेजारी ठेवला.

कागदावर नऊ चौकोन आखले आणि डाग मांडले. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी लागते. लेन्स चित्र उलटे पाडते, म्हणून फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरच्या खालच्या बाजूला असतो. कॅमेऱ्याकडे समोरून पाहिले तर डावे-उजवे मात्र बदलत नाही, फक्त वर-खाली बदलते. कॅमेरा पाठीवर आडवा ठेवून त्याचा तळ आपल्याकडे केला, की फोटोतले आकाश आपल्या पोटाकडच्या कडेला येते. आकाशातच डाग जास्त का, याचे अर्धे उत्तर इथे मिळते. धूळ खाली बसते, आणि सेन्सरचे खाल म्हणजे फोटोचे वर. उरलेले अर्धे असे की झाडोऱ्यात डाग लपतो, कोऱ्या आकाशात लपत नाही.

कागदावर तीन जातींचे डाग उतरले. पहिली जात साधी होती, कडा मऊ असलेले काळे गोल ठिपके. ही कऱ्हांडल्याची माती. दुसरी एकच, वळलेला बारीक धागा. तिसऱ्या जातीपाशी मी थबकलो. फोटोच्या वरच्या उजव्या भागात लहान-मोठ्या कड्या होत्या. कड काळसर आणि मधला भाग जवळपास स्वच्छ. धूळ अशी दिसत नाही.

गोल आणि ठळक डाग म्हटले की तेलाची शंका घ्यावी लागते. शटर आणि मिरर (सेन्सरसमोर वर-खाली होणारा आरसा) यांच्या यंत्रणेतले वंगण उडून सेन्सरवर येऊ शकते. निकॉनचा २०१२ चा डी६०० याच कारणासाठी बदनाम झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीला त्याबद्दल सूचना काढावी लागली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डी६१० आला. पण तेलाचा थेंब मधेही भरलेला असतो. इथे मधला भाग रिकामा होता आणि किनार भरलेली. थेंब वाळताना त्यात विरघळलेले सगळे कडेला जाऊन बसते, त्याची ही खूण. म्हणजे पाणी. मे महिन्यात, नागपुरात, कॅमेऱ्याच्या पोटात पाण्याचे थेंब कुठून आले?

"ब्लोअर मारला होतास का घरी?"

"मारला न."

"कुठे बसून?"

"हॉलमध्ये. कूलरसमोर." मग थोडे थांबून, "उकडून राहिलं होतं न मामा, काय करू."

त्याचे म्हणणे खोटे नाही. पारा ४४-४५ वर असताना नागपुरात कुणी कूलरसमोरून उठत नाही. कामे कूलरसमोरच होतात. त्याने मिरर वर केला, कॅमेरा मांडीवर आडवा घेतला, तोंड वर, आणि ब्लोअर, म्हणजे हाताने दाबून हवा मारायचा रबरी फुगा, मारत बसला. धूळ उडाली ती बाहेर पडण्याऐवजी पुन्हा आत बसली, आणि वरून कूलरचे तुषार.

कूलर थंड हवेबरोबर पाणीही फेकतो, ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवलेले, पाण्याने भिजणारे पडदे) नव्या असताना किंवा पंप जोरात चालत असताना तर हमखास. त्यात हे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा वाईट. टाकीतले पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. आपण वरून नवे पाणी ओततो, त्यातले क्षार पुन्हा मागे राहतात. हंगामाच्या शेवटी ताट्यांवर जो पांढरा थर दिसतो तो हाच. त्या पाण्याचा थेंब काचेवर पडून वाळला की क्षाराची कडी उरते. ताई म्हणाली त्यांच्या कूलरला यंदा नव्या ताट्या बसवल्या होत्या. धाग्याचा उलगडाही तिथेच झाला. माती असे वळलेले धागे देत नाही, लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या देतात.

आता निदान पुरे झाले होते. सैल माती ब्लोअरने निघेल. धागा निघेल किंवा स्वॅब (द्रावणाने भिजवून काच पुसायची, कापड लावलेली चपटी काडी) लागेल. कड्यांवर ब्लोअर मारण्यात अर्थ नव्हता. त्या काचेला चिकटलेल्या होत्या.

जागा आणि वेळ

सेन्सर साफ करताना निम्मे काम हातापेक्षा हवेचे असते, असे माझे मत होत चालले आहे. नागपुरात तर नक्कीच. मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. इतक्या कोरड्या हवेत प्लॅस्टिक, टेरिकॉट, केस, सगळ्यांवर स्थिर वीज साठते आणि धूळ काचेला नुसती बसत नाही, खेचली जाते. ब्लोअरने उडवलेला कण फिरून येतो. दुसरी अडचण स्वॅबच्या द्रावणाची. ते बहुतेक मेथेनॉल असते, आणि मेथेनॉल पटकन उडते म्हणूनच तर ते वापरतात. पण खोली चाळिशीच्या वर तापलेली असली तर ते जास्तच पटकन उडते. स्वॅब सेन्सरच्या निम्म्यावर पोचेपर्यंत कोरडा पडतो आणि पुढचे निम्मे आपण सुक्या कापडाने घासतो.

म्हणून वेळ पहाटेची ठरवली आणि जागा बाथरूमची. रात्री भिंती आणि फरशी धुऊन दार बंद ठेवले. हवेत तरंगणारी धूळ ओलाव्याने खाली बसते आणि स्थिर वीजही मरते. ताईला हे पटले नाही. "कूलरच्या पाण्याने बिघडलं म्हणता आणि बाथरूममध्ये उघडून राहिले?" प्रश्न रास्त होता. फरक असा की बाथरूमच्या हवेत वाफ होती, थेंब नव्हते. वाफेबरोबर क्षार येत नाहीत. तरी गिझर चालू करून धुके करायचे नाही आणि एसीतून काढलेला गार कॅमेरा दमट जागी लगेच उघडायचा नाही, नाहीतर काचेवरच दव धरते. कॅमेरा रात्रभर बाहेर, बाथरूमच्याच तापमानात ठेवला होता.

स्टूल ओल्या फडक्याने पुसला. टॉवेल बाहेर काढले, कारण लिंटचा, म्हणजे कापडाच्या सुट्या तंतूंचा, सर्वात मोठा साठा तोच. पंखा, एक्झॉस्ट बंद. डोक्याला बांधायची एलईडी बत्ती भाच्याकडे होती, जंगलवाल्यांकडे ती असतेच.

कोरडे काम

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घातली. ही नुसती सावधगिरी नाही. बॅटरी कमी असेल तर निकॉनच्या मेनूतला सफाईसाठी मिरर वर धरून ठेवायचा पर्याय निवडताच येत नाही, आणि मधेच उतरली तर कॅमेरा बीप देऊन थोड्या वेळाने मिरर खाली आणतो. काहीजण बल्ब मोड लावून बटण दाबून धरतात. बोट सुटले की शटर स्वॅबवर आपटते. शिवाय सेन्सर चालू राहतो तो वेगळाच.

आधी मिरर खालीच ठेवून मिररच्या खोबणीत ब्लोअर मारला. तिथली धूळ तशीच ठेवून सेन्सर साफ केला तर पहिल्याच क्लिकला ती मागे जाते. मिररला हात लावायचा नाही. त्याचा लेप पुढच्या पृष्ठावर असतो आणि बोटाने कायमचा बिघडतो. मग मिरर वर, कॅमेरा तोंड खाली करून डोक्याच्या वर धरलेला, आणि खालून वर ब्लोअर. ब्लोअर आधी हवेत दाबून घ्यावा, आतली भुकटी निघून जाते. त्याचे नळकांडे माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या तोंडाच्या, कडेपुरतेच, आत खुपसायचे नाही.

तोंडाने फुंकायचे नाही, थुंकी जाते. दाबाने हवा सोडणारा डबा नको. तो वाकडा झाला की द्रवच बाहेर पडतो आणि काचेवर गोठतो. व्हॅक्यूम क्लीनर, चिकटपट्टी, कानातला कापूस यांची नावेसुद्धा नकोत.

मध्यंतरी कॅमेऱ्याची स्वतःची सफाईही चालवली. फिल्टरला कंप देऊन धूळ झटकायची ही युक्ती ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ मध्ये आणली आणि नंतर सगळ्यांनी उचलली. सैल धुळीला ती चालते, चिकटलेल्याला नाही. कॅमेरा सरळ उभा ठेवूनच चालवावी, म्हणजे झटकलेले खाली पडते.

पुन्हा तपासणीचा फोटो. मातीचे बहुतेक ठिपके गेले होते. धागा सरकला होता, पण होता. कड्या जशाच्या तशा.

ब्लोअर इतक्या चिकाटीने मारण्याला कारण आहे. मातीत क्वार्ट्‌झ असतो. कठिणतेच्या मोहस् मापावर क्वार्ट्‌झ ७, साधी काच साडेपाचच्या आसपास. असा एक कण स्वॅबखाली सापडला तर तो काचेवर रेघ ओढत जातो. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या वाट्याला औष्णिक केंद्रांची राख येते, तिच्यातही सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असते. ब्लोअरने निघू शकणारे जोवर निघते आहे तोवर स्वॅबचे पाकीट फाडायचे नाही.

पहिला ओला स्वॅब

डी७२०० च्या सेन्सरची उंची साडेपंधरा मिलिमीटर, म्हणून त्याच मापाचा, १६ मिलिमीटरचा स्वॅब. फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, २४ चा स्वॅब आत मावत नाही आणि अरुंद घेतला तर मधे पट्टा राहतो. स्वॅब आणि द्रावण भाच्याने बर्डीच्या बाजारातून आणून ठेवले होते. घरात स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा निळा स्प्रे होतेच, आणि "त्यात काय फरक आहे" हा प्रश्नही होता. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असते, सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन, निळ्या स्प्रेमध्ये रंग आणि साबण. प्रत्येकातले न उडणारे काचेवर उरते. मेथेनॉल शुद्ध असेल तर काही उरत नाही. पण ते विषारी आहे आणि सहज पेट घेते. बाटली स्वयंपाकघरात ठेवायची नाही, देवघराच्या आसपास नाही, आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशी नाही.

स्वॅबच्या धारेवर दोन थेंब, आणि ते आत मुरायला क्षणभर. थेंब लोंबता कामा नये. लोंबलेला थेंब कडेने फिल्टरच्या मागे गेला तर ते घरच्याने निघत नाही. स्वॅब एका कडेला टेकवून, दांडा किंचित वाकेल इतक्याच दाबाने, न थांबता दुसऱ्या कडेपर्यंत. तिथे उचलायचा, उलटा करायचा, दुसऱ्या बाजूने परत. मग कचऱ्यात. तोच पुन्हा फिरवण्याचा मोह होतो कारण स्वॅब महाग वाटतात. पण आता त्याच्यावर काय चिकटले आहे ते आपल्याला माहीत नसते.

भाच्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. मी बत्ती धरली, स्वॅब त्यानेच फिरवला.

फोटो काढला. धागा गेला, मातीचे उरलेले ठिपके गेले. कड्या थोड्या फिकट झाल्यासारख्या वाटल्या, पण सगळ्या जागेवर होत्या.

"दाबून मारू का एकदा?"

या प्रश्नापाशी बरेच सेन्सर खराब होतात. डाग बहुतेक गेले आहेत, हातात साधन आहे, दोन-चार उरले आहेत आणि माणसाला वाटते थोडा जोर लावला की झाले. पण जोर कमी पडला म्हणून कड्या राहिल्या नव्हत्या. द्रावणच चुकीचे होते. पाण्यात विरघळून आलेले क्षार मेथेनॉलमध्ये फारसे विरघळत नाहीत. त्याने तेल निघते, धूळ उचलली जाते, क्षार राहतात. दाबून घासले असते तर क्षाराचे कण लेपावर घासले गेले असते, एवढेच. मिरर खाली आणला, बॉडीला झाकण लावले आणि त्या दिवशीचे काम थांबवले. भाचा नाराज झाला. रविवारी त्याला गोरेवाड्याच्या जंगलात जायचे होते.

पाण्याचा डाग पाण्यानेच

पाण्याच्या डागांसाठी पाणी असलेले वेगळे सेन्सर-द्रावण मिळते. ते कमी खपते, म्हणून दुकानदार आपण होऊन दाखवत नाही, मागावे लागते. भाच्याने दुपारी ते आणले, येताना चेहरा भाजून निघाला होता. मधल्या वेळात ताईने आरओचे पाणी सुचवले, जावयाने इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार असतातच, आणि बॅटरीच्या पाण्याचा डबा घरात किती दिवस, कसा उघडा राहिला होता हे कुणाला सांगता आले नाही. दोन्ही नको म्हटले.

दुसऱ्या पहाटे तीच खोली, तीच तयारी, आधी पुन्हा ब्लोअर. पाण्याच्या द्रावणाचा स्वॅब मेथेनॉलपेक्षा कोरडा ठेवायचा. हे द्रावण लवकर उडत नाही, म्हणून त्याचा पातळ ओला पट्टा मागे राहतो; तो वाळू दिला तर नव्या कड्या तयार. म्हणून क्रम असा: पाण्याच्या द्रावणाचा एक स्वॅब जाऊन-येऊन, आणि लगेच, हातात तयार ठेवलेला मेथेनॉलचा दुसरा स्वॅब त्याच वाटेने. पहिल्याने क्षार सुटतो, दुसरा ओल उचलून नेतो. दुसरा स्वॅब आधीच भिजवून ठेवला तर तो वाळतो, म्हणून एकाने पहिला फिरवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने पुढच्यावर थेंब टाकायचे. एकट्याने हे जमेल, पण दोघे असतील तर घाई होत नाही.

या फेरीनंतरच्या फोटोत कड्या गेल्या होत्या. डाव्या कडेला एक पुसट ओघळ नव्याने दिसत होता, तिथे स्वॅब उचलताना ओल साचली असावी. नवा मेथेनॉलचा स्वॅब एकदा फिरवल्यावर तोही गेला. वरच्या उजव्या कोपऱ्यातली सर्वात मोठी कडी मात्र तिच्या काळसर किनारीसह अर्धचंद्रासारखी उरली. पाण्याच्या द्रावणाची आणखी एक फेरी केली. ती तसूभर हलली नाही.

इथे आम्ही थांबलो, आणि या वेळी भाच्यानेच हात मागे घेतला. तपासणीत ती कडी एफ/२२ ला स्पष्ट होती, एफ/१६ ला शोधावी लागत होती आणि एफ/११ ला दिसत नव्हती. तो पक्षी एफ/५.६ ते एफ/८ मध्ये काढतो. तिच्यासाठी पुन्हा पुन्हा काच पुसण्यात लेपाला धोका जास्त आणि मिळणार काहीच नाही. कदाचित तो क्षार जरा जुना होऊन पक्का बसला असेल, कदाचित तिथला लेपच आधीच्या मालकाच्या हातून दुखावला असेल. सेकंडहँड बॉडीचा इतिहास कोण सांगणार?

अंबाझरीचे फोटो आणि पुढचे उन्हाळे

डाग पडलेल्या फोटोंचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले. डाग सगळ्या फोटोंत एकाच जागी असल्यामुळे एका फोटोवर मारलेले ठिगळ बाकीच्यांवर एकदम लावता येते. फक्त ठिगळाखाली पक्षी किंवा फांदी आली तर तो फोटो हाताने बघावा लागतो. लाइटरूममध्ये डाग उठून दाखवणारी काळी-पांढरी चौकट आहे, तिचा उपयोग झाला. निकॉनमध्ये धुळीचा संदर्भ-फोटो काढून ठेवायची सोय आहे, पण ती फक्त रॉ फाइलींना लागू पडते, आणि भाचा त्या दिवशी जेपेगमध्ये काढत होता.

जिप्सीत लेन्स बदलायचीच नाही, असा नियम सांगणे सोपे आहे. समोर वाघ यायचा तेव्हा तो नियम कुणी पाळत नाही. गाडी थांबल्यावर धूळ खाली बसू द्यायची, कॅमेरा बंद करायचा, तोंड खाली करून मांडीवरच्या पिशवीत हात घालून बदलायची, एवढे जमते. २००-५०० सारखी झूम करताना लांबी बदलणारी लेन्स तशीही पंपासारखी हवा आत ओढते. लेन्स कधीच काढली नाही तरी धूळ येणारच. ज्यांच्याकडे मिररलेस आहे त्यांना लेन्स काढताच समोर सेन्सर दिसतो. काही मॉडेलमध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा पुढे येतो, काहींमध्ये येत नाही. आपला कुठला ते आधी पाहून ठेवावे. ज्यात सेन्सर स्वतः हलून कंप भरून काढतो, त्यात तो स्वॅबखाली किंचित सरकतो. दाब आणखी हलका ठेवावा लागतो.

सफारीहून आल्यावर कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी पिशवी गच्चीवर झटकायची आणि बॉडीवरची धूळ ओल्या फडक्याने बाहेरूनच पुसून मग काय ते उघडायचे, हे ताईने लावलेले वळण. तिला ते हॉलमधल्या गालिच्यासाठी हवे होते, पण कॅमेऱ्याला पावले. ब्लोअर आता बाथरूमच्या फडताळात असतो. जुलै ते सप्टेंबर जंगल बंद असते, तेव्हा कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्यायचा ठरले आहे. सोबत फोटोत डावी-उजवी कुठली ते लिहून त्या कोपऱ्यातल्या कडीचा एफ/२२ चा तपासणीचा फोटोही देऊ.